जोडीने चालताना बायकोचीच नडगी का दुखते?

नवरा-बायको रोज सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर चाळीस मिनिटं चालतात. महिन्याभरातच ताईंच्या दोन्ही नडग्या आणि उजव्या खुब्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. ‘हे म्हणतात, तुझी चालच चुकीची, कंबर किती हलते! बायकांच्या पायांत जोर कमीच असतो का हो?’ ताईंचं वय ४४, उंची १५२ सेंटिमीटर. यजमान १७८.

दोघांना बरोबर चालवून पावलं मोजली. मिनिटाला यजमानांची १०६, ताईंची ११३. वेग मिनिटाला ८५ मीटर, म्हणजे ताईंचं पाऊल ७५ सेंटिमीटरचं पडत होतं. एवढ्या उंचीला ते फार लांब. टाच अंगाच्या बरीच पुढे पडते आणि चवडा जमिनीवर आपटू नये म्हणून नडगीच्या पुढच्या स्नायूला दर पावलाला ब्रेक लावावा लागतो. तोच दुखत होता.

एकाच वेगाला बायका सहसा लहान आणि जास्त पावलं टाकतात. यातला बराचसा फरक उंचीचा. बुटका पुरुषही तसाच चालतो. कंबरेचं मात्र वेगळं. सरासरीने बायकांची कंबर बाजूला जास्त झुलते, मांडी किंचित आत वळते. ती खोड नव्हे, त्या झुलण्याने धड वरखाली कमी होतं. (यजमानांना हे दोनदा सांगावं लागलं.)

उजवा खुबा निराळा. उजव्या पायावर उभं केलं, तर दहाव्या सेकंदाला डावी कंबर खाली आली. म्हणजे उजव्या कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू अशक्त. व्यायाम एकच दिला: डाव्या कुशीवर, पाठ भिंतीला, उजवी टाच भिंतीवरून सरकवत पाय वीतभर वर, सावकाश खाली. दहा वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. बोटं छताकडे वळली किंवा टाच भिंतीपासून सुटली, की मांडीच्या पुढचे स्नायू काम उरकतात आणि बाजूचा स्नायू आरामात राहतो. ताईंचं पहिल्या आठवड्यात नेमकं हेच झालं.

चालणं वीस मिनिटांवर आणलं. पाऊल ६७ सेंटिमीटर, मिनिटाला १२०. वेग ८० मीटरवर उतरतो, उतरू द्यावा. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असती, तर चालणं थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

नडग्या तीन आठवड्यांत शांत झाल्या, खुब्याला दोन महिने लागले. यजमान आता एक फेरी पुढे असतात.