ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर: आधी लेन्स आणि क्षितिज बघा, स्टॉप नंतर

ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजेच ग्रॅड, ही वर गडद आणि खाली पारदर्शक असलेली काच; उजळ आकाश आवरायला लेन्ससमोर लावतात. प्रश्न थोडक्यात असा: कॅननची एपीएस-सी (लहान सेन्सरची) बॉडी, १०-१८ आणि १८-१३५ मिमी या दोन लेन्स, फिरणं बहुतेक कोकण किनारा आणि सह्याद्रीतले किल्ले. ६७ मिमीचा स्क्रू-इन ग्रॅड स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा की १०० मिमीची होल्डर सिस्टीम? हार्ड (गडद भागाची सीमा टोकदार) की सॉफ्ट (सीमा हळूहळू विरत जाणारी)? आणि किती स्टॉपचा?

स्क्रू-इन घेऊ नका. त्यात गडद आणि पारदर्शक भागांची सीमा बरोबर मधोमध असते आणि ती हलवता येत नाही, फक्त गोल फिरवता येते. म्हणजे प्रत्येक फोटोत क्षितिज मध्यावर ठेवायची सक्ती. किनाऱ्यावर पुढचा कातळ दाखवायचा तर क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात जातं आणि अर्धं पाणी काळं पडतं. १०० × १५० मिमीची चौकोनी काच मात्र होल्डरमध्ये वरखाली सरकते. तुमच्या दोन्ही लेन्सना ६७ मिमीचंच फिल्टर बसतं (१८-१३५चं तेवढं एकदा लेन्सच्या कडेला छापलेल्या आकड्यावरून पडताळा), त्यामुळे एकाच ॲडॅप्टर रिंगमध्ये भागेल. ८५ मिमीची सिस्टीम स्वस्त पडते, पण १० मिमीला तिचा होल्डर कोपऱ्यांत डोकावण्याची शक्यता जास्त. उद्या ७७ किंवा ८२ मिमीची लेन्स आली तरी १०० मिमीत फक्त रिंग बदलावी लागते. १५० मिमीची सिस्टीम फुगीर काचेच्या लेन्ससाठी असते, तुम्हाला तिची गरज नाही.

आता स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा होण्याची एक पायरी. फिल्टरवर लिहिलेला ०.३ म्हणजे १ स्टॉप, ०.६ म्हणजे २, ०.९ म्हणजे ३, १.२ म्हणजे ४. काही कंपन्या हेच एनडी२, एनडी४, एनडी८, एनडी१६ असं लिहितात. एनडी८ म्हणजे ८ स्टॉप नव्हे, प्रकाश आठपट कमी, म्हणजेच ३ स्टॉप. ऑनलाइन मागवताना इथे हमखास गोंधळ होतो.

किती स्टॉपचा लागेल ते मोजून ठरवा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, एफ/११, मीटर स्पॉटवर (फ्रेममधल्या छोट्या ठिपक्याचाच प्रकाश मोजणारा). कातळाचं किंवा गवताचं रीडिंग घ्या, मग सूर्य सोडून त्याच्या बाजूच्या आकाशाचं. समजा जमिनीला १/८ सेकंद आलं आणि आकाशाला १/१२५. फरक ४ स्टॉपचा. म्हणून १.२ लावायचा असं नाही, ०.९ लावायचा. आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळ असणं डोळ्याला खरं वाटतं. पाणी असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ओल्या वाळूतलं प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा नेहमी गडद असतं. फिल्टर जास्त झाला की प्रतिबिंब आकाशाहून उजळ दिसतं आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी फोटो खोटा वाटतो. सूर्य फ्रेममध्येच असेल तर त्याचा गोळा कुठल्याही ग्रॅडने वाचत नाही, तो सोडून द्या. आणि ३ स्टॉपच्या काचेने डोळ्याला काहीही संरक्षण मिळत नाही. १३५ मिमीला ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, लाइव्ह व्ह्यू वापरा.

०.३ विकत घेण्यात अर्थ नाही. आयएसओ १०० च्या रॉ फाइलमध्ये तेवढा फरक नंतर सहज भरून निघतो.

खरी चूक होते ती सीमेच्या निवडीत. ‘समुद्राला हार्ड, डोंगराला सॉफ्ट’ हे सगळे सांगतात, पण त्यात लेन्सचा विचार नसतो. चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश फिल्टरच्या एका ठिपक्यातून येत नाही, तर साधारण ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या छिद्राच्या, व्यासाएवढ्या वर्तुळातून येतो. फोकल लेंग्थला एफ-नंबरने भागा: १० मिमीला एफ/११ वर ते वर्तुळ जेमतेम ०.९ मिमीचं, १३५ मिमीला सुमारे १२ मिमीचं. शिवाय १० मिमीची फ्रेम फिल्टरवर उभी पाचेक सेंटिमीटर जागा व्यापते आणि १३५ मिमीची जेमतेम दोन-अडीच. म्हणून तोच हार्ड फिल्टर वाइडला सुरीने कापल्यासारखी रेघ दाखवतो आणि टेलिला आपोआप मऊ होतो. उलट सॉफ्ट फिल्टरचा उतारच काही सेंटिमीटरचा असतो. टेलिला आख्खी फ्रेम त्या उताराच्या आत बसते, वर आणि खाली फारसा फरक उरत नाही, आणि लोक म्हणतात फिल्टर चालतच नाही.

यावरून तुमच्यापुरतं असं निघतं: १०-१८ ला मीडियम (हार्ड आणि सॉफ्टच्या मधला), ५० मिमीच्या पुढे हार्ड. सॉफ्टचा उपयोग वाइडला डोंगरात होतो, आणि तोही मर्यादित. सॉफ्टची अडचण अशी की उताराचा मध्य क्षितिजावर ठेवला तर क्षितिजाला ०.९ मधले जेमतेम दीड स्टॉप मिळतात, आणि संध्याकाळी नेमकी तीच पट्टी सगळ्यात उजळ असते. ती आवरायला फिल्टर खाली ढकलला की जमीन काळवंडते.

याच कारणाने रिव्हर्स ग्रॅड आले: क्षितिजाशी सर्वात गडद आणि वर विरळ होत जाणारे. कोकण किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सूर्य पाण्यात बुडतानाच्या वीसेक मिनिटांसाठी रिव्हर्ससारखं दुसरं काही नाही. पण सूर्य चार बोटं वर असताना तो लावला की आकाशाच्या मधोमध मळकट पट्टा आणि वर उजळ आकाश असं उलटं दिसतं.

डोंगरात अडचण वेगळी. दख्खनच्या सपाट माथ्यांची दूरची रांग जवळजवळ सरळ असते, तिथे मीडियम निभावतो. पण रायगडावरून सकाळी पूर्वेला दिसणारा लिंगाणा घ्या. सुळका रेषेच्या कितीतरी वर जातो. कुठलाही ग्रॅड त्याचा वरचा अर्धा भाग आकाशासोबत काळा करणार. जंजिऱ्याच्या तटबंदीचंही तेच, फक्त तिथे संध्याकाळी तट तसाही सावलीत काळा असतो म्हणून खपून जातं. अशा ठिकाणी फिल्टर पिशवीतच राहू द्या. २ स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. ग्रॅड तिथे लावा जिथे दोन फ्रेम जुळत नाहीत: लाटा, हलणारी होडी, वाऱ्यात झुकणारं गवत, सेकंदभराचं एक्स्पोजर.

पावसाळ्यात पांढऱ्या ढगांना ०.६ पुरतो, ०.९ ने दुपारीच सांज झाल्यासारखं वाटतं. कासला फुलांसाठी मात्र आधी पोलरायझर, पाना-पाकळ्यांवरची चमक त्याने जाते. फक्त १० मिमीला तो निळ्या आकाशात एकीकडे गडद डाग पाडतो, त्यामुळे आकाश कमीच घ्या.

बसवण्याचा क्रम. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. फ्रेम ठरवून ट्रायपॉडवर क्षितिज सरळ करा, मग जमिनीचं एक्स्पोजर मॅन्युअलवर कायम करा. फिल्टर हे सगळं झाल्यावर घालायचा. ॲपर्चर प्रायॉरिटीवर राहिलात तर कॅमेरा काचेतून मोजून दर फ्रेमला एक्स्पोजर बदलत राहतो. आता डेप्थ ऑफ फील्डचं प्रिव्ह्यू बटण दाबून धरा, कारण उघड्या ॲपर्चरला सीमा पसरट दिसते आणि एफ/११ च्या फोटोत ती अचानक टोकदार होऊन येते. बटण दाबलेलं असताना लाइव्ह व्ह्यूत काच हळूहळू वरखाली करा. थांबलेली सीमा दिसत नाही, सरकणारी लगेच दिसते. क्षितिजावर उजळ फट राहिली तर काच वर राहिली आहे, पाण्यावर गडद पट्टा आला तर खाली गेली आहे. पूर्ण एनडी (आख्खी सारखीच गडद काच) सोबत असेल तर तो लेन्सच्या लगतच्या खाचेत, ग्रॅड बाहेरच्या.

एक जुना उपाय: होल्डर न लावता काच हाताने लेन्ससमोर धरायची आणि एक्स्पोजर सेकंद-दोन सेकंदांचं असेल तर ती दोन-तीन मिलिमीटर वरखाली हलवत राहायची. हार्डची रेघ विरघळते. लेन्सला काच घासणार नाही एवढं बघा.

रेझिन की काच? रेझिन पडलं तरी सहसा फुटत नाही, पण चरे लवकर पडतात. काचेला चरे कमी, पण जांभ्यावर पडली की संपली. रंगाच्या तटस्थतेत चांगली काच सहसा सरस ठरते. स्वस्त ग्रॅडचा खरा दोष जांभळट झाक. पूर्ण एनडीची झाक व्हाइट बॅलन्सने जाते, ग्रॅडची जात नाही, कारण ती फक्त आकाशात असते. व्हाइट बॅलन्स सुधारायला गेलात की जमीन हिरवी होते. परत करण्याची मुदत संपायच्या आत घरीच तपासा: व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, सावलीतल्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो फिल्टरशिवाय, दुसरा फक्त गडद भागातून आणि ३ स्टॉप वाढवून. दोन्ही फोटोंमधले लाल, हिरवा, निळा आकडे शेजारी ठेवून बघा. थोडा फरक चालेल, पण हिरवा स्पष्टपणे मागे पडला असेल तर परत पाठवा.

किनाऱ्यावर खारे तुषार काचेवर बसतात आणि समोरच्या उन्हात आख्खी फ्रेम धुरकट होते. कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण चरे पाडतात. बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतून मग मायक्रोफायबर.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा: ६७ मिमीची वाइड अँगल रिंग, १०० मिमीचा होल्डर आणि ०.९ मीडियम. तीन-चार ट्रिपांनंतर समुद्रावरचे सूर्यास्त जास्त होत असतील तर ०.९ रिव्हर्स, किल्ले आणि पाऊस जास्त असेल तर ०.६ सॉफ्ट. १३५ ने क्षितिजाचे फोटो खरोखरच घेत असाल तरच हार्ड. सहा फिल्टरांचा सेट घेऊ नका, त्यातले चार पाऊचमध्येच राहतात. होल्डर आला की १० मिमीला, एफ/११ वर, पांढऱ्या भिंतीसमोर एक फोटो काढा, मग होल्डर थोडा तिरका फिरवून आणखी एक. कोपरे काळे आले तर बाहेरची खाच स्क्रू काढून वेगळी करा. तरीही आले तर ११-१२ मिमीवर थांबा.