माड काढू नकोस, आधी प्रश्न बदल

बाय,

काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कोकम सरबतासाठी काढलेले तुझे ११ लोगो आले. नऊमध्ये माड, उरलेल्या दोनात लाट. वर विचारतेस, "यातला कुठला?" अगं, कुठलाच नाय! हात चांगलाय तुझा, ते मी सांगायला नको, पण प्रश्नच चुकलाय. "कोकणातलं कोकम सरबत, मग काय काढू?" असं विचारलंस तर माडच येणार, अजून पन्नास काढ, पन्नास माड येतील.

मी कुठल्या तोंडाने बोलतोय म्हणा. तारकर्लीत एका रस्त्यावरच्या पाच होमस्टेंचे बोर्ड मीच रंगवले, पाचांवर माड आणि मावळता सूर्य. पैसे मिळाले, सगळे खूश. मग एक फॅमिली भलत्याच घरात बॅगा घेऊन शिरली आणि त्या माउलीनं त्यांना जेवायलाही वाढलं. लोक हसतात, मला अजून लाज वाटते.

प्रश्नच बदलून वेगळ्या वाटेनं विचार करायचा, याला लॅटरल थिंकिंग हे नाव एडवर्ड डी बोनो या लेखकानं १९६७ मध्ये दिलं. तोच खड्डा खोल करत बसू नको, दुसरीकडे खण, असं त्याचं म्हणणं. त्याची एक युक्ती म्हणजे डिक्शनरीतला कुठलाही शब्द उचलायचा आणि कामाशी जोडत बसायचं. काल झोप येईना म्हणून मी पेपरवर डोळे मिटून बोट ठेवलं, निघालं 'मतदान'. मतदान म्हणजे बोटावरची शाई, आणि मग मला रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडणाऱ्या बायकांची बोटं आठवली, किती धुतली तरी लाली जात नाय. ना माड, ना फळ, नुसतं एक लाल बोट. बघ, प्रश्न बदलला की हात आपोआप वेगळीकडे जातो.

स्टेट बँकेच्या लोगोचं घे. आधी वडाचं झाड होतं, १९७१ मध्ये डिझायनर शेखर कामतांनी निळा गोल आणि खाली किल्लीचं भोक दिलं. "बँक म्हणजे काय काढू?" एवढंच विचारत बसलं तर नाणी आणि तिजोऱ्याच निघतात. प्रश्न बदल, प्रश्न बदल, शंभरदा सांगतो.

एका आंबा पल्पवाल्याला मी डब्यावर आंबा काढून द्यायला नाय म्हटलं. काम गेलं, बायको अजून हट्टी म्हणते. असेन. पण आज त्याच्या डब्यावर आंबा आहे आणि फळीवर शेजारच्या सगळ्या डब्यांवर पण आंबाच, आता सांग, चुकलो कुठे मी?

आत्या रातांबे फोडायला बसेल तेव्हा शेजारी बस, मोबाइल घरात ठेव. "बाटलीवर नावच नसेल तर गिऱ्हाईक कशावरून ओळखेल?" हे तिलाच विचार, ती काहीतरी भलतंच बोलेल, तेच लिहून घे. जे सुचेल ते बुचाएवढं लहान करून एका काळ्या रंगात बघ, ओळखू आलं तरच मला पाठव. पाऊस लागायच्या आत.

आणि बोटाची आयडिया घेऊ नकोस, ती माझी आहे. फारच आवडली तर आधी फोन कर.