रुसलेलं मांजर घड्याळ बघत नाही

प्रश्न : आमचा गोट्या ११ वर्षांचा बोका. तीन महिन्यांपूर्वी त्याला डायबेटिस निघाला, तेव्हापासून सकाळी ८ आणि रात्री ८ असं दोनदा इन्सुलिन देतेय. आधी पाण्याचं भांडं चाटून पुसून ठेवायचा, लघवीने ट्रे नुसता चिखल व्हायचा, ते सगळं आता मस्त आटोक्यात आलंय. पण गेले आठ-दहा दिवस वागणं बदललंय. दुपारी एक-दीडला कपाटामागे जाऊन बसतो, हाक मारली तर नुसता टक लावून बघतो, मग अचानक बाहेर येऊन ओरडून ओरडून खायला मागतो. परवा सोफ्यावर उडी मारताना चक्क खाली पडला. सासूबाई म्हणतात वय झालं, लेक म्हणते तू सुई टोचतेस म्हणून रुसलाय. शिवाय मागचे पाय टाचा टेकवून टाकतो, ते मात्र आधीपासूनच आहे. काय समजायचं?

उत्तर : ताई, रुसलेलं मांजर घड्याळ बघून रुसत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते "दुपारी एक-दीडला", आणि ते वाचल्यावर अंक छापून यायची वाट न बघता आम्ही तुम्हाला फोन केला तो त्यासाठीच. आता बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो.

सकाळी ८ला दिलेल्या इन्सुलिनचा जोर साधारण मधल्या तासांत सगळ्यात जास्त असतो, कुठलं इन्सुलिन आणि कुठलं मांजर यावर थोडं मागेपुढे होतं, पण चार ते आठ तासांच्या दरम्यान शुगर सगळ्यात खाली असते असं धरून चाला. त्याच वेळेला लपणं, टक लावून बघणं, तोल जाणं आणि मग अधाशासारखं खायला मागणं, म्हणजे शुगर खाली जात असावी ही पहिली शंका घ्यायची. आणि गंमत म्हणजे हे बहुतेक गोट्या बरा होत असल्यामुळे होतंय! काही मांजरांचं स्वादुपिंड, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनवणारा अवयव, उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत पुन्हा कामाला लागतं, कधी कधी इन्सुलिन बंदसुद्धा होतं, पण आपण मात्र जुनाच डोस टोचत राहतो. डोस मनाने कमी-जास्त करू नका, पण रात्रीची सुई देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

दोन गोष्टी आजच बघा. एक, सिरिंज. इन्सुलिन एका मिलीत ४० युनिटचं असतं तसं १०० युनिटचंही असतं आणि सिरिंजही तशाच वेगवेगळ्या, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर डोस अडीच पट जातो. दुसरं, घरात टोचणारे हात किती? "मी दिलं", "अरे मी पण दिलं" हे इतक्या घरांत होतं की विचारू नका. फ्रिजवर कागद लावा आणि जो देईल त्याने सही करा.

शुगर अशी एकदम खाली गेली तर काय करायचं? शुद्धीत असेल, गिळत असेल तर लगेच खायला द्या. मलूल पडला किंवा झटके यायला लागले तर मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, तोंडात काही ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल, आणि झटका चालू असताना बोट दातांमध्ये घालू नका. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर कानाच्या कडेला टोचून बघा, ६० च्या खाली म्हणजे धोका, पण माणसांचा मीटर मांजराची शुगर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो हे लक्षात ठेवा. मीटर शोधत बसण्यात वेळ मात्र घालवू नका. आणि उठून चालायला लागला तरी दवाखाना टाळू नका, कारण अंगातलं इन्सुलिन अजून संपलेलं नसतं.

टाचा टेकवून चालण्याचं म्हणाल तर ते वेगळं प्रकरण. शुगर बरेच दिवस वाढलेली राहिली की मागच्या पायांच्या नसांवर परिणाम होतो. शुगर ताब्यात राहिली की हळूहळू सुधारतं, आठवडे लागतात, कधी महिने, आणि सगळ्यांचं पूर्ण सुधारतंच असंही नाही.

लपणं नेमक्या विरुद्ध कारणानेही असू शकतं. मांजर लपतंय पण खात नाहीये, उलट्या करतंय, श्वास जोरात चाललाय, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर शुगर वाढून रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारे आम्लासारखे पदार्थ) साठलेत अशी शंका घ्यायची, तिथे उद्या बघू चालत नाही, त्याच दिवशी ॲडमिट करावं लागतं. खाल्लं नसेल तर नेहमीची सुई द्यायची का, हेही आधी फोन करून विचारा. ट्रेबाहेर लघवी करायला लागलं तर लगेच ओरडू नका, डायबेटिसवाल्या मांजरांना लघवीचं इन्फेक्शन पटकन होतं. आणि बोका नुसता जोर करतोय पण लघवी येतच नाहीये, तर रात्र असली तरी निघा.

प्रश्न : क्लिनिकमध्ये शुगर ३०० येते, घरी १४०. कुणाचं खरं?

उत्तर : दोन्ही खरं. पिंजरा, गाडी, अनोळखी वास, एवढ्याने मांजराची शुगर भराभर चढते. म्हणून एका रीडिंगवर डोस वाढवून घेऊ नका. फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी गेल्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज देते, ती मागून घ्या. आणि जाताना घरच्या रीडिंगची वही न्या, त्यात आकड्यापुढे सुई कधी दिली आणि मांजर तेव्हा काय करत होतं तेही लिहिलेलं असू दे.