जुने ‘इंद्रजाल’ अंक शोधताना

इंदूरच्या खजुरी बाजारातील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आपण थेट ‘इंद्रजाल’ या कॉमिक्स-मालिकेचे अंक मागू नयेत, कारण नाव उच्चारताच भाव चढतो. शालेय पुस्तकांच्या गठ्ठ्यांखाली स्वतःच हात घालावा. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या या मालिकेतील मुखवटाधारी नायक वेताळ (फँटम) सर्वांनाच आठवतो. मूळ १९३४ सालचा, अंतराळात साहसे करणारा फ्लॅश गॉर्डन मात्र विस्मरणात गेला आहे, आणि माझ्या मते नवख्याने सुरुवात त्याच्यापासूनच करावी. मुखपृष्ठावर भाळण्याआधी मधले जोडपान पाहावे, कारण गंजलेल्या पिनेपाशी कागद झिजून तेच आधी निखळते (माझ्याकडील एका अंकात अंतराळयान कोसळू लागते आणि पुढच्या पानावर थेट जाहिरात येते!). फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद पिवळा पडून चित्र कायमचे डागाळते.