वाचक विचारतात : जपानी लष्करी रिव्हॉल्व्हर आणि त्याचं होल्स्टर

प्रश्न : टाइप २६ रिव्हॉल्व्हर विकत घेण्याचा विचार आहे. चाप सोडलेला असताना सिलिंडर (काडतुसांची सहा घरं असलेला फिरता भाग) बोट लावताच गरागरा फिरतो. विकणारा म्हणतो, थोडी झीज आहे, दुरुस्त करून देतो. घ्यावं का?

उत्तर : दुरुस्त करू देऊ नका. ही झीज नाही, या रिव्हॉल्व्हरची घडणच तशी आहे. सिलिंडरला अडवणारी खिटी चाप ओढल्यावरच वर येते. चाप सुटला की सिलिंडर मोकळा. घोडदळासाठी बनवलेल्या शस्त्रात ही मोठीच उणीव होती. होल्स्टरमध्ये घासून सिलिंडर फिरला, तर पुढच्या ओढीला भरलेल्या घराऐवजी वापरून झालेलं घर घोड्यापुढे, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीपुढे, येण्याची शक्यता राहते. पण ती १८९३च्या मूळ रचनेतली चूक आहे, तुमच्या समोरच्या नगाची नाही. तिथे नवी स्प्रिंग किंवा जाड खिटी बसवली, की अस्सल वस्तूची किंमत गेलीच म्हणून समजा.

खरी झीज वेगळ्या ठिकाणी पाहायची. आधी वरचा खटका उचलून नळी बिजागरीवर खाली झुकवा. काडतुसं बाहेर काढणारा तारा आपोआप वर येतो. सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, मग बंद करा. आता अंगठ्यानं घोड्याला आधार देत चाप अगदी सावकाश शेवटपर्यंत ओढा आणि दाबून धरा. या रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला मागे ओढायची शेपटी नाही. ते फक्त चापावर चालतं, म्हणून अंगठा गुळगुळीत पाठीवरच टेकवावा लागतो. चाप दाबलेला असताना दुसऱ्या हातानं सिलिंडर हलवा. किंचित डुगडुगला तर हरकत नाही. पुढच्या घरापर्यंत सरकला, तर खिटी किंवा सिलिंडरवरच्या खाचा झिजल्या आहेत. सहाही घरांवर हे करा, कारण बहुधा एखादीच खाच खराब असते. शेवटी बंद स्थितीत नळी धरून वरखाली आणि आडवी हलवून बघा. बिजागरीतला खुळखुळा तिथेच कळतो.

घोडा रिकाम्या घरावर आपटू देऊ नका. टोक मोडलं तर सुटा भाग मिळणं कठीण, आणि मिळाला तरी क्रमांक जुळणार नाही.

प्रश्न : ‘२६’ म्हणजे १९२६ साल का?

उत्तर : नाही, मेइजी २६, म्हणजे जपानी सम्राट मेइजीच्या कारकिर्दीचं सव्विसावं वर्ष, १८९३. जपानी शस्त्रांवरचे आकडे वाचताना भल्याभल्यांचा इथे घोळ होतो, म्हणून हिशेब लक्षात ठेवा. मेइजी वर्षात १८६७ मिळवा, त्यानंतरच्या ताइशो कारकिर्दीच्या वर्षात १९११, आणि त्यानंतरच्या शोवा वर्षात १९२५. नांबू टाइप १४ पिस्तूल ताइशो १४ मधलं, म्हणजे १९२५ चं. पुढे शस्त्रांची नावं जपानी साम्राज्याच्या शकावरून पडू लागली. टाइप ९४ पिस्तुलातलं ९४ म्हणजे शक २५९४, त्यातून ६६० वजा केले की १९३४. म्हणजे आकडा मोठा म्हणून शस्त्र नवं, लहान म्हणून जुनं, असला हिशेब इथे चालत नाही.

टाइप २६ च्या सांगाड्यावर उजव्या बाजूला हे नावच कोरलेलं असतं. जपानी येत नसली तरी वाचता येईल. पहिलं अक्षर दोन आडव्या रेघांचं, तो दोन. दुसरं अधिकच्या चिन्हासारखं, तो दहा. तिसऱ्यात आडव्या रेघेवर एक टिंब आणि खाली फाकलेले दोन पाय, तो सहा. दोन-दहा-सहा, म्हणजे सव्वीस. पुढची दोन अक्षरं ‘वर्ष’ आणि ‘प्रकार’ यांची. शेजारी एकमेकांत गुंतलेली वर्तुळं दिसतील. रचलेले तोफगोळे वरून पाहिले तर दिसतील तशी ही खूण टोकियोच्या कोइशिकावा शस्त्रागाराची. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहा. घासून पुन्हा निळा रंग चढवलेल्या नगावर त्या विरघळल्यासारख्या बोथट होतात. मूळ रंग टिकलेल्या नगावर त्या बोटालासुद्धा लागतात.

प्रश्न : मुठीवर जाळीदार खाचांऐवजी आडव्या रेघा आहेत. मूठ बदललेली म्हणायची का?

उत्तर : बदललेली असेल, पण शस्त्रागारातच. सुरुवातीच्या मुठी जाळीदार खाचांच्या, दुरुस्तीनंतर बसवलेल्या आडव्या रेघांच्या. तो खोटेपणा नाही, शस्त्राच्या नोकरीचा दाखला आहे. जाळीदार मूठ शोधून ‘मूळ रूप’ द्यायला जाऊ नका. बदललेल्या लाकडाचा रंग आणि मुठीशेजारच्या लोखंडाची झीज मात्र एकमेकांना साजेशी हवी. मुठीखालची दोरीची कडी जागेवर आहे ना, तेही पाहून घ्या.

प्रश्न : हे ‘अँटिक’ धरलं जातं का? परवाना लागतो का?

उत्तर : देशागणिक उत्तर वेगळं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र अँटिक. टाइप २६ चं उत्पादन १८९३ नंतर १९२० च्या दशकापर्यंत चाललं आणि सुमारे ५९,००० नग बनले. त्यातले फक्त सुरुवातीचे त्या व्याख्येत बसतात. अडचण अशी, की रिव्हॉल्व्हरवर उत्पादनाचं साल नसतं. सगळी मदार अनुक्रमांकावर. म्हणून ‘१८९९ पूर्वीचं’ म्हणून जादा भाव मागणाऱ्याकडून त्याचा आधार लेखी घ्या.

खुद्द जपानमध्ये परिस्थिती आणखी कडक आहे. तिथे जुन्या बंदुकांची नोंदणी होते ती १८६७ पर्यंत जपानमध्ये बनलेल्या किंवा तोवर तिथे आलेल्या शस्त्रांची. जपानी सैन्याचं हे रिव्हॉल्व्हर त्यामुळे जपानी संग्राहकाला अँटिक म्हणून नोंदवता येत नाही. जिथे राहता तिथला नियम खरेदीआधी वाचा. नंतर वाचून उपयोग नसतो.

प्रश्न : होल्स्टर त्याच रिव्हॉल्व्हरचं आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : कातड्याच्या आत टॉर्चचा उजेड पाडा. बाहेरून सगळी तपकिरी होल्स्टरं सारखीच दिसतात, आतून दिसत नाहीत. वर्षानुवर्षं रिव्हॉल्व्हर राहिलेल्या होल्स्टरमध्ये सिलिंडरच्या जागी कातड्याला फुगवटा येतो आणि तिथला पृष्ठभाग चकचकीत काळपट होतो. नळीच्या टोकाशी गोल काळा ठसा उमटतो. नळी १२० मिमी, पूर्ण लांबी साधारण २३० मिमी, त्यामुळे ठसा कुठे पडायला हवा हे मोजपट्टीनं ठरवता येतं. नांबू पिस्तुलाचं होल्स्टर टाइप २६ चं म्हणून विकणं ही नेहमीची हातचलाखी. त्यात फुगवट्याऐवजी चपटा, सरळ कडांचा ठसा दिसतो. पिस्तूल सपाट असतं, सिलिंडर गोल. कातडं हे विसरत नाही.

नवं बनवून जुनाट केलेलं होल्स्टर पकडायचं तर शिवण बघा. अतिनील दिव्याखाली दोरा निळसर पांढरा उजळला, तर तो बहुधा युद्धानंतरचा. दोऱ्यात घातली जाणारी चमकद्रव्यं त्यानंतर सर्रास झाली. मात्र एकाच कडेचा दोरा उजळत असेल तर होल्स्टर जुनं आणि टाके नवे, असंही असतं. मग झीज बघा. खऱ्या वापरात ती ठरावीक जागी होते : झाकणाची घडी, कमरपट्ट्याची वळी, बंदाचं भोक. सगळीकडे सारखी खरवडलेली झीज सॅंडपेपरची असते.

सैनिकानं युद्धानंतर घरी आणलेल्या वस्तूबरोबर कधी वरिष्ठाच्या सहीचा कागद मिळतो. त्यावर अनुक्रमांक असेल आणि जुळत असेल, तर तो कागद होल्स्टरपेक्षा जपून ठेवा. क्रमांक नसेल तर तो कागद कुठल्याही रिव्हॉल्व्हरला लावता येतो, म्हणून त्याच्यासाठी पैसे मोजू नका.

प्रश्न : होल्स्टरला हात लावला की तांबूस भुकटी लागते. तेल लावू का?

उत्तर : नका लावू. हा ‘रेड रॉट’. वनस्पतिजन्य टॅनिननं कमावलेल्या कातड्यात हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे आम्ल साठतं आणि तंतू तुटतात. तुटलेले तंतू तेलानं जुळत नाहीत. तेल त्या भुकटीत मुरतं, कातडं काळं आणि लिबलिबीत होतं, टाके निसटतात. पाणीही नको, सडलेलं कातडं भिजलं की आक्रसून कडक होतं.

संवर्धनात वापरतात ते हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज, इथेनॉलमधलं १ ते २ टक्के द्रावण. १०० मिली इथेनॉल ढवळत ठेवून २ ग्रॅम पावडर चिमूटचिमूट भुरभुरा. एकदम ओतली तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या विरघळत नाहीत. रात्रभर झाकून ठेवा. मऊ ब्रशनं सुटी भुकटी झटका, झाकणाच्या आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी करून पाहा, रंग फार गडद झाला नाही तर पातळ थर द्या. एक रात्र वाळू द्या. भुकटी अजून येत असेल तरच दुसरा थर. खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नको, इथेनॉल पेटतं. यानं कातडं बरं होत नाही, फक्त भुकटी थांबते.

पितळी गुंडीभोवती हिरवा, मेणासारखा थर असेल तर तो तांबं आणि कातड्यातल्या तेलाच्या संयोगाचा. लाकडी दातकोरणीनं सोलून काढा. रसायन लावलं तर ते कातड्यात उतरतं.

प्रश्न : रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्येच ठेवलं तर?

उत्तर : गंजेल. कातडं ओल धरतं आणि त्यात आम्ल असतं. रिव्हॉल्व्हर पुसून हलकं तेल किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावून वेगळं ठेवा. होल्स्टरमध्ये आम्लरहित कागदाचे बोळे भरून मूळ फुगवटा टिकवा, पट्टा दुमडू नका. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. त्याहून कमी झाली तर कातडं तडकतं, जास्त झाली तर बुरशी येते.

प्रश्न : यातून ९ मिमीची काडतुसं उडवता येतील का? बाजारात ती सहज मिळतात.

उत्तर : सहज मिळतात ती ९ × १९ पॅराबेलम, दाब कितीतरी जास्त आणि बुडाशी कडा नसलेली. टाइप २६ चं काडतूस ९ × २२, बुडाला कडा असलेलं, आणि ते याच रिव्हॉल्व्हरसाठी काढलं होतं. मूळ काडतुसं आता स्वतंत्रपणे जमवली जातात. एखादं मिळालं तर उडवण्यापेक्षा शेजारी मांडलेलं बरं, आणि तेही जिवंत काडतुसाबद्दलचा तुमच्याकडचा नियम पाहून.

प्रश्न : जहाजाच्या नांगराची खूण असलेलं, स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं नंबर ३ रिव्हॉल्व्हर मिळतंय. हे जपानी कसं?

उत्तर : टाइप २६ येण्याआधी जपाननं अमेरिकेकडून नंबर ३ जातीची रिव्हॉल्व्हर विकत घेतली होती, आणि नांगर ही जपानी नौदलाची खूण. वर सांगितलेली सिलिंडरची परीक्षा इथे जशीच्या तशी लावू नका, यंत्रणा वेगळी आहे. नांगर मात्र भिंगाखाली नीट पाहा. साधं नंबर ३ आणि नांगरवालं नंबर ३ यांच्या किमतीत एवढा फरक पडतो, की नांगर नंतर ठोकणाऱ्याला हातोड्याचे एक-दोन घाव परवडतात. जुन्या ठशाच्या तळाशी भोवतीच्या लोखंडासारखाच जुना काळसरपणा असतो. नव्याच्या तळाशी उजळ लोखंड, किंवा बाजूच्या रंगाशी न जुळणारा काळा रंग सापडतो.