कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबवर नव्यानं रुजू झालेल्याला

लेकरा, महिना झाला, आता एक वही कर. परीक्षा विभागाची केबल कोणत्या नेटवर्क स्विचच्या कोणत्या पोर्टात आहे, यूपीएसच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं, सगळं तारखेनिशी लिही. परभणीच्या उन्हाळ्यात ते पाणी भराभर उडतं. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या की बॅटरी गेलीच म्हणून समज.

माझ्या पहिल्या कॉलेजात ऐन फॉर्म भरायच्या दिवसांत सर्व्हर बसला. बॅकअप रोज निघायचा, पण रिस्टोर करून कुणी पाहिलाच नव्हता, मीही नाही. दोन दिवस पोरं खिडकीशी उभी होती, काही तर तालुक्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली. तेव्हा महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर बॅकअप चढवून बघच.

शिकायला पुण्याला जायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्स मराठीतून आहे. ‘स्वयं’ हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टलही २०१७ पासून आहेच. अभ्यास फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी तेवढी लागते. ती कॉलेजकडे लेखी माग, तोंडी मागितलेलं विसरलं जातं.

आणि अडलास तर सरांसमोर अंदाजानं बोलू नकोस. “बघून सांगतो” म्हण, मला फोन कर. रात्री नऊ वाजले असले तरी कर.