पावडर कोटिंगसाठी ओव्हन कोणता घ्यावा, इलेक्ट्रिक की गॅसचा? 300 डिग्रीचा लागेल का?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत कूलरच्या बॉडीला पावडर कोटिंग करायचं म्हणताय. इलेक्ट्रिक की गॅस हे पुढे सांगतो, आधी ते 300 डिग्री डोक्यातून काढा. पॉलिएस्टर पावडर साधारण 200 डिग्रीला 10 मिनिटांत क्युअर होते, म्हणजे वितळून कडक, पक्की होते; काही ग्रेड 180 ला थोडा जास्त वेळ घेतात. 300 ला ती जळेल. ओव्हनवाल्याला एवढंच विचारा: किती किलो लोखंड किती मिनिटांत 200 ला नेणार? आणि 200 म्हणजे लोखंड 200, हवा नव्हे. डिस्प्लेवरचा आकडा हवेचा असतो, हे विकणारे कधी सांगत नाहीत.

इथल्याच एका कूलरवाल्याचं बघा. एकाच ट्रॉलीवर पातळ पत्र्याच्या बॉड्या आणि 5 मिमी अँगलचे स्टँड. डिस्प्ले 200, टायमर 20 मिनिटं. बॉड्या झकास निघायच्या. स्टँड मात्र मे महिन्यात परत यायला लागले, पाणी ठिबकून ठिबकून पावडर नखाने सोलून निघत होती. पावडरवाला म्हणे कोटिंगआधी लोखंड धुण्याच्या टँकचं केमिकल खराब, केमिकलवाला म्हणे पावडर खराब. मालकाने दोन्ही बदलून पाहिलं, पैसे गेले, स्टँड सोलतच राहिले. शेवटी के-टाइप थर्मोकपलची (तापमान मोजायच्या सेन्सरची) तार अँगलच्या बोल्टखाली दाबून ट्रॉली आत ढकलली. 20 मिनिटं संपली तेव्हा अँगल 165 ला होता. पॅनेल उघडल्यावर कळलं, 3 किलोवॅटच्या 12 हीटर कॉइलपैकी तीन मेलेल्या. म्हणजे 36 चे 27 किलोवॅट उरलेले. शिवाय कधीतरी मोटर खोलून परत जोडताना दोन फेज अदलाबदल झालेल्या, त्यामुळे आतली गरम हवा फिरवणारा ब्लोअर उलटा फिरत होता. उलटा ब्लोअरही वारा देतोच, पण फार कमी, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. वर गरम, खाली थंड, आणि स्टँड नेमके खालच्या हुकला. ओव्हनवाल्याचं म्हणणं एकच: "भाऊ, रिकामा चालवून दाखवला ना, 200 लागले की नाही?" रिकामा ओव्हन 27 किलोवॅटवरही 200 गाठतो, जरा उशिरा. त्यात कसली आली टेस्ट!

हिशोब असा करा. 300 किलो माल आणि 100 किलोची ट्रॉली, दोन्ही तापतात. ट्रॉली सगळे विसरतात. 400 किलो लोखंड 30 वरून 200 ला न्यायला सुमारे साडेनऊ युनिट वीज लागते. तेच 20 मिनिटांत हवं असेल तर 28 किलोवॅट. भिंती आणि दाराची गळती 6 किलोवॅट, एक्झॉस्टबरोबर जाणारी उष्णता 6. झाले 40. म्हणून 48 किलोवॅट घ्या आणि तीन फेजला तीन अँपिअर मीटर लावून घ्या, कॉइल मेली की त्याच दिवशी दिसते. भिंतीतलं रॉकवूल (उष्णता अडवणारा थर) 100 मिमीच्या खाली नको, 150 असेल तर उत्तम. दाराच्या चौकटीत आतला पत्रा बाहेरच्याला थेट जोडलेला असेल तर नाही म्हणा, तिथूनच उष्णता पळते.

आता वीज की गॅस. एक किलो एलपीजीत सुमारे 12.8 युनिट उष्णता असते, हीट एक्स्चेंजरच्या ओव्हनमध्ये (ज्वाळेचा धूर वेगळा राहतो, हवा नळ्यांआडून तापते) त्यातली 8 च्या आसपास हाती लागते. म्हणजे 19 किलोच्या सिलिंडरचा भाव भागिले 150, हा गॅसचा युनिट दर. त्याची तुलना तुमच्या वीजबिलाशी करा, डिमांड चार्ज (किलोवॅटच्या मागणीवरचा आकार) धरून. पण 48 किलोवॅटला तासाला सहा किलो गॅस लागेल, आणि एका सिलिंडरमधून सलग ओढला तर तासाला एखादाच किलो निघतो. पाच सिलिंडर जोडले तरी डिसेंबरात बाहेरून दव गोठतं आणि प्रेशर बसतं. सहावं जोडलं की साठा 100 किलोच्या वर जातो आणि पेसोचं (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचं) लायसन्स लागतं. पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे म्हणून फाइल लवकर सरकेल असं समजू नका. एक-दोन ट्रॉलीच्या धंद्याला मी तरी इलेक्ट्रिकच सांगेन. रोज दोन शिफ्ट चालणार असेल तर गॅसचा विचार करा, पण पांढरा रंग जास्त असेल तर डायरेक्ट फायर (ज्वाळेची हवा थेट ओव्हनमध्ये) नको, ज्वाळेच्या धुराने पिवळेपणा येतो.

शेवटचं पेमेंट मात्र माल भरून ट्रायल झाल्याशिवाय देऊ नका. सगळ्यात जाड मालाला वरच्या आणि खालच्या हुकवर थर्मोकपल बांधा, 20 मिनिटांत 200 यायला हवं, वर-खाली फरक 10 डिग्रीच्या आत. तिथून पुढे 10 मिनिटं क्युअरिंगची. हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. "एवढं कोणी मागत नाही" असं म्हणेल, दुसरा ओव्हनवाला बघा.

राहिलेलं: पॅनेल ओव्हनच्या भिंतीला चिकटवू नका, नागपूरच्या 45 डिग्रीत एसएसआर (हीटर चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतात. पावडरची खोकी एसीच्या खोलीत ठेवा, नाहीतर मे महिन्यात हॉपरमध्ये (पावडरच्या टाकीत) गुठळ्या होतात आणि पावडर फवारायची गन अडकते. आणि हे सगळं पावडरपुरतं. त्याच ओव्हनमध्ये थिनरचा ओला पेंट सुकवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. वाफा पेटतात, त्याला मोठा एक्झॉस्ट, एक्झॉस्ट बंद पडला की हीटर बंद करणारा इंटरलॉक आणि स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप लागते. या ओव्हनमध्ये ते करायचं नाही.